शिरवळपर्यंत चालायची तयारी

पलूस

शिरवळ अजून आलेले नाही, हे आधीच सांगतो. वाचणाऱ्याची फसगत नको. हे वर्णन आहे ते पलूसमध्ये हिवाळाभर केलेल्या तयारीचे, आणि त्या तयारीची चाचणी म्हणून जत तालुक्यात तीन दिवस चालायचे ठरवले होते त्याचे. त्यातलेही दोनच दिवस झाले.

बेत संपतचा. संपत माझा शाळेपासूनचा मित्र. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, आता दीड एकर ऊस बघतो. आमची घरे एकाच गल्लीत आहेत. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची आणि वजाबाकी करायची. दोघांचेही वय चौपन्न. संपतचा मुलगा अमोल शिरवळला एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिथे त्याने फ्लॅट घेतला आहे आणि दोन वर्षांपासून तो आईवडिलांच्या मागे लागला आहे की पलूस सोडा आणि इकडे या. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, नातू आहे. वहिनींचे मन अर्धे तिकडे गेलेले. संपतला जायचे नाही. दिवाळीत यावरून बापलेकात वाजले. मी फराळाला तिथेच बसलो होतो.

“तुमचं वय झालं पप्पा,” अमोल म्हणाला. “माळ्यावर चढताना धाप लागते तुम्हाला.”

“जतपासनं शिरवळपातूर चालत आलो तर?”

“कशाला पण?”

“आलो तर हा विषय परत काढायचा न्हाई. न्हाई आलो तर सामान बांधतो.”

अमोल हसला आणि हो म्हणाला. संपतने माझ्याकडे बोट केले. “वसंता बी येणार हाय.” मलाही हे तेव्हाच कळले. तोंडात चकली असल्यामुळे मला काही बोलता आले नाही, आणि ती गिळून होईपर्यंत विषय बदलला होता.

जतपासूनच का, तर आमच्या दोन जिल्ह्यांचे एक टोक तिकडे आहे आणि दुसरे शिरवळला, नीरेच्या पुलावर. “बावीस वरसं राजस्थान, पंजाब, आरुणाचल पायाखाली घातला,” संपत म्हणायचा. “आपलं दोन जिल्हं मातर एस्टीच्या खिडकीतनं बगितलं.” रस्त्याने हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. दिवसाला वीस धरले तर साडेबारा दिवस, म्हणजे तेरा, आणि मध्ये एक दिवस विश्रांती. हंगाम संपल्याशिवाय मला इतकी रजा मिळणार नव्हती. तेव्हा असे ठरले की हिवाळाभर रविवारी सराव करायचा, फेब्रुवारीत जत ते कवठेमहांकाळ तीन दिवसांची चाचणी घ्यायची, आणि काटा बंद झाला की निघायचे.

गळीत हंगामात माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रभर ट्रॅक्टरच्या दिव्यांकडे बघून सकाळी घरी आलेल्या माणसाने बूट काढायचे असतात, घालायचे नसतात. पण रविवारी सात वाजता संपत दारात उभा असायचा, पँटीला इस्त्री केलेली. माझी टाच दुखायची. ती पहिल्या दोन किलोमीटरला दुखायची, मग थांबायची आणि घरी येऊन जेवायला बसलो की पुन्हा सुरू व्हायची. संपतचे काही दुखत नसे. मला त्याचा हेवा वाटे.

आमच्याकडे पायी चालणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस. पाठीवर सॅक असेल तर जास्तच. दर पाच मिनिटांनी मोटरसायकल थांबायची.

“गाडी बंद पडली व्हय?”

“न्हाई, चालतोय.”

“चालताय त्ये दिसतंय की. बसा.”

“चालायचंच हाय आमाला.”

“डाक्टरनं सांगितलंय?”

“न्हाई.”

“मग?”

या ‘मग’चे खरे उत्तर संपतला द्यायचे नव्हते आणि खोटे मला देववत नव्हते. एका रविवारी भिलवडीच्या बाजूला एक म्हातारबा जुन्या लूनावर थांबले. नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “आमच्या गाडीवर बसाया लाज वाटती व्हय?” म्हणाले. मग मी बसलो. अर्ध्या किलोमीटरवर त्यांची वस्ती आली, तिथे उतरलो, आणि ते आत गेल्यावर तेवढे अंतर मागे चालत गेलो, कारण ते चाललेले नव्हते. संपत मागून येतच होता. त्याला वाटेत भेटून मी तसाच मागे गेलो आणि जिथे लूनावर बसलो होतो तिथून पुन्हा चालत आलो. तोवर तो एका मोरीच्या कठड्यावर बसून राहिला होता. “काट्यावरचा मानूस संगं घ्याचा म्हंजी असं हुतंय,” एवढेच म्हणाला.

घरी सुनंदाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, वेगळेच होते. “चालायचंच आहे ना, तर दळण घेऊन या जाताजाता,” ती म्हणायची. दोन वेळा मी आणलेही. पाच किलो ज्वारी पाठीवर घेऊन चालणे हा चांगला सराव आहे.

सामानाचे वजन मी केले, त्यात कोणाला आश्चर्य वाटू नये. माझी सॅक आठ किलो भरली. त्यात सुनंदाने घातलेले धपाटे आणि शेंगदाण्याचे लाडू होते, ते सव्वा किलो. संपतची चौदा. उघडून बघितले तर त्यात नायलॉनची दोरी, जेवणाचा लष्करी डबा, दाढीचे सामान, बुटाचे पॉलिश आणि घडीचे फावडे निघाले.

“फावडं कशाला रं?”

“लागतंय.”

“कवठेमहांकाळला?”

त्याने फावडे काढले. पॉलिश काढले नाही. बूट नवे घेतले होते, जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे. ते घालून तो अंगणात पाण्याच्या बादलीत उभा राहिला आणि मग ओल्या बुटांनी वाळेपर्यंत गल्लीत फिरला. सैन्यात बूट पायाला असे बसवतात म्हणे. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. वहिनींनी दार लावून घेतले.

जत

जतला एस्टीने उतरलो तेव्हा सकाळचे ऊन पडले होते आणि मला झोप येत होती. आदल्या दिवशी पाळी संपवून आलो होतो. स्टँडवर चहा घेतला आणि चालायला लागलो.

आमच्या कृष्णाकाठच्या माणसाला जतचा उघडेपणा प्रथम अंगावर येतो. पलूसला रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस असतो, त्यामुळे माणूस बोगद्यातून चालल्यासारखा चालतो. पुढचे गाव येईपर्यंत दिसत नाही. इथे दोन तासांनी जिथे पोहोचायचे ते झाड आत्ताच दिसते आणि दोन तास तसेच दिसत राहते. संपतला हे आवडले. मला थकवा आला. काढलेल्या ज्वारीची धाटे, माळ, मध्येच एखादी डाळिंबाची बाग, टँकरची वाट बघत रांगेत ठेवलेली निळी पिंपे.

एक मात्र चांगले होते. इथे कोणी गाडी थांबवून बसा म्हणाले नाही. चालणारा माणूस इथल्यांना नवा नाही, दरवर्षी कळप घेऊन माणसे किती मुलूख चालतात. पहिल्या दिवशी भेटलेल्या एका मेंढपाळाने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितले आणि विचारले, “मेंढरं कुठं हायती?”

“मेंढरं न्हाईत आमची.”

“मग मागं कोन येतंय?”

“कोन न्हाई. दोघंच.”

त्याला आमची कीव आली असावी. त्याने तंबाखू पुढे केली.

दुपारी एका टपरीत जेवलो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि हुलग्याचे माडगे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ गरम कढी, गूळ घातलेली. आमच्याकडे माडगे आजारी माणसाला देतात. इथे ते मुकाट्याने दोन-दोन वाट्या पितात आणि कामाला जातात. टपरीवाली गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होती आणि आमच्याशी मराठीत, आणि दोन्हीत सारखीच रागावत होती. संपतला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, म्हणून त्याने माडगे अर्धी वाटी घेतले. गोळी विसरला नाही. तशा गोष्टीत तो पक्का आहे.

पहिल्या दिवशी अठरा किलोमीटर झाले. एका शाळेच्या व्हरांड्यात सरपंचांच्या परवानगीने झोपलो. मला कधी झोप लागली ते आठवत नाही.

कालवा

दुसऱ्या दिवशीची चूक माझी. मोठ्या रस्त्यावर ट्रकची धूळ खाऊन घसा बसला होता. सकाळी एका फाट्याजवळ उपसा योजनेचा कालवा आडवा आला. कालव्याच्या कडेने मातीचा रस्ता असतो, त्यावर वाहने नसतात, आणि पाणी वाहायचे म्हणून चढही नसतो. मला हे गणित फार पटले. आम्ही पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसे. आमच्याकडे पाट शेताच्या बांधाला धरून सरळ जातो, पाटाने गेलेला माणूस चुकत नाही आणि उशिरा पोहोचत नाही. मी संपतला म्हणालो की रस्त्याने जेवढे आहे तेवढेच कालव्याने असणार, वर सावली मिळेल आणि तोंड धुवायला पाणी.

कालव्यात पाणी नव्हते. आवर्तन सुटायला वेळ होता. तळाला वाळलेला गाळ आणि त्यात कुत्र्याच्या पावलांचे ठसे. सावली वेड्या बाभळीची, म्हणजे नावालाच. आणि कालवा सरळ नव्हता. समोर टेकाड आले की तो त्याच्या पोटाला धरून डावीकडे जायचा, पार मागे यायचा, ओढ्यावरून पलीकडे व्हायचा, आणि पुन्हा त्याच टेकाडाच्या दुसऱ्या अंगाने उगवायचा. समोरच्या माळावर पत्र्याचे एक लाल घर होते. ते सकाळी उजवीकडे दिसले, मग समोर, मग डावीकडे. दुपारी ते पुन्हा उजवीकडे होते.

“पान्यासंगं चाललोय आपन,” संपत म्हणाला. “त्याला कुठं जायची घाई हाय.”

“मधनं तोडून जाऊ.”

“आता कुठं तोडतोस. त्या घळीत उतरायचं का?”

परत फिरावे तर तितकेच चालायचे, म्हणून पुढे गेलो. मोबाइलमध्ये बघितले, तर चाललो होतो एकवीस किलोमीटर आणि सकाळच्या फाट्यापासून सरळ रेषेत सरकलो होतो आठ. मी तो खिशात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही. माझी टाच दिवसभर बोलत होती. संपत पुढे चालत होता, एका चालीने, एकदाही न थांबता. मी दोनदा म्हणालो की बसू या. “बसलास की उठवनार न्हाई तुला,” तो म्हणाला. त्याच्या डोक्यात अमोलचे हसणे होते, हे मला ठाऊक होते.

गौराक्कांची वस्ती

दिवस मावळायला आला तेव्हा कालव्याखाली एक वस्ती दिसली. दोन खोल्या, समोर काट्यांच्या कुंपणात मेंढ्या. दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांचे नाव गौराक्का हे नंतर कळले.

“बर्री, कुंड्री,” त्या म्हणाल्या, म्हणजे या, बसा. मग आमची तोंडे बघून मराठीत आल्या. “लांबनं आलासा जनू. आदी पाय धुवा.”

तिकडे पाहुण्याला घरात घ्यायच्या आधी पायावर पाणी घालतात. आमच्याकडेही पूर्वी घालत, आता बाथरूम तिकडे आहे म्हणून बोट दाखवतात. गौराक्कांनी चुलीवरचा हंडा उतरवला आणि तांब्या भरून आणला. मी दगडावर बूटमोजे काढून उभा राहिलो. त्यांनी पाणी ओतले आणि मी दोन्ही पायांनी उडी मारली. ते कढत होते. आतून कोणीतरी हसले.

“थंडीचं म्हनून ऊन घेतलं,” गौराक्का म्हणाल्या. “गार पान्याचं इसान आनते थांबा.”

पण संपत तोवर बूटमोजे काढून दगडावर चढला होता. “घाला की आजी,” तो म्हणाला. “हा लय नाजूक हाय.” त्यांनी त्याच तांब्यातले उरलेले पाणी त्याच्या पायावर ओतले. संपत उभा राहिला. गार पाणी असल्यासारखा, आरामात. माझ्याकडे बघून हसतही होता.

गौराक्का हसल्या नाहीत. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि स्वतःचे बोट त्यातल्या पाण्यात बुडवून बघितले.

“ह्या पावन्याला चटकत न्हाई व्हय?” त्यांनी मला विचारले. संपतला नव्हे, मला.

मी खाली बघितले. दगडावरून जे पाणी ओघळत होते ते उजव्या पायाखालून तांबूस येत होते. संपतला मी बसवले. तो नको म्हणत होता. पाय उचलून बघितला, तर अंगठ्यामागच्या उंचवट्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवती फोड येऊन फुटला होता. बूट तपासला. काटा तळातून आरपार आला होता, त्याचे दुसरे टोक अजून तळात होते. म्हणजे तो माझ्याशी बोलत, मला टोमणे मारत, कधीपासून त्या काट्यावर चालत होता, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे काम ज्याचे, तो पायच गप्प होता.

“दुकत न्हाई रं,” तो म्हणाला. “खरंच न्हाई दुकत.”

“तेच बघतोय,” मी म्हणालो.

गौराक्कांनी हळद आणली. मी नको म्हटले आणि सॅकमधले औषध लावून स्वच्छ कापड बांधले. जेवण झाले. भाकरी, दही, लसणाची चटणी. काय खाल्ले ते संपतला कळले नसावे. तो पायाकडे बघत बसला होता.

कवठेमहांकाळ

सकाळी गौराक्कांच्या मुलाने मोटरसायकलवर आम्हा दोघांना कवठेमहांकाळच्या एका दवाखान्यात सोडले. आमचा तिसरा दिवस असा गाडीवर गेला, वीस-बावीस मिनिटांत. आदल्या सबंध दिवसात जेवढे पुढे गेलो होतो त्याहून जास्त.

डॉक्टर तरुण होते. काटा काढला, जखम धुतली, मग एक मऊ तार संपतच्या तळव्याला लावून डोळे मिटायला सांगितले. कळले की हो म्हणा. संपत डोळे मिटून बसला. डॉक्टरांनी सात-आठ ठिकाणी तार टेकवली. संपत एकदाही हो म्हणाला नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “सुरू करा की.”

डॉक्टरांनी तार ठेवून दिली. “आधी मुंग्या यायच्या का पायाला?”

“यायच्या. लय यायच्या. रातचं झोपू द्यायच्या न्हाईत. वरीस झालं, बंद झाल्या. बरं झालं म्हटलं गोळ्यांनी.”

“त्या बऱ्या झाल्या नाहीत काका. साखरेमुळे तिथली कळच गेली.”

सहा आठवडे या पायावर भार नको, असे त्यांनी सांगितले. जखम भरली तर नशीब. नाही भरली तर काय, तेही सांगितले. त्या वेळी संपत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. पुढे चालायचे तर कसे, हे मी विचारले. डॉक्टर म्हणाले की लांब पल्ला विसरा. थोडे थोडे चालता येईल, योग्य बुटांनी, बुटात हात घालून बघितल्याशिवाय पाय घालायचा नाही, आणि दर अर्ध्या तासाला बूटमोजे काढून तळवा कोणीतरी डोळ्यांनी बघायला हवा. “यांना कळणार नाही,” ते म्हणाले. “बघणारा पाहिजे.”

मी फोन केल्यावर अमोल दुपारी गाडी घेऊन आला. मला वाटले होते रागावेल. त्याने फक्त वडिलांच्या पायावरचे बँडेज बघितले, मेडिकलमधून सगळी औषधे आणली, आणि गाडीचे मागचे दार उघडून उभा राहिला.

“सामान बांधतो,” संपत म्हणाला. “बोललो हुतो तसं.”

“आधी जखम भरू दे,” अमोल म्हणाला.

तासगावच्या पुढे संपत मला म्हणाला, आणि ते अमोललाही ऐकू जात होते, “रूट मार्च झाला की पलटणीत पाय तपासायचं. सगळी पोरं वळीनं बसायची बूट काडून, आन मी बॅटरी घिऊन एकेकाचा तळवा बगायचो. कोन न्हाई म्हटलं तर शिव्या द्यायचो. फोड लपवला तर शिक्षा.” थोडे थांबून म्हणाला, “माजं कोन बगनार. मी हवालदार.”

अमोलने आरशातून मागे बघितले. मग रस्त्याकडे बघितले.

रविवार

जखम भरायला सहा नव्हे, नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत वहिनींनी निम्मी भांडी खोक्यात भरली. हंगाम संपला, मला रजा मिळाली आणि मी ती झोपून काढली. संपत ओट्यावर खुर्चीत, पाय स्टुलावर. शिरवळचा विषय तो काढत नव्हता आणि अमोलही काढत नव्हता. शेवटी मी काढला. अमोलला फोन करून सांगितले की चालत शिरवळला यायचे ठरले होते, सलग यायचे असे काही ठरले नव्हते. मी तिथे होतो, मी ऐकले आहे. दर रविवारी आठ किलोमीटर चालायचे, एस्टीने घरी यायचे, पुढच्या रविवारी जिथे सोडले तिथून धरायचे. झालेले अंतर वजा करून अठ्ठावीस रविवार. आजारपण, लग्ने, पाऊस धरून दीड वर्ष.

“काका, पप्पा थांबणार नाहीत,” अमोल म्हणाला. “लपवतील.”

“त्याला कळत नाही तर लपवील काय? बघणार मी.”

“आणि तुम्ही सांगाल मला खरं?”

मी म्हटले, एकतीस वर्षे काट्यावर आहे.

तर आता असे चालले आहे. उन्हाळा-पावसाळा जाऊ देऊन दसऱ्यानंतर आम्ही सुरुवात केली, गौराक्कांच्या वस्तीपासून. यावेळी रस्त्याने. दर अर्ध्या तासाला मैलाच्या दगडावर किंवा मोरीवर बसायचे आणि मी संपतचा पाय मांडीवर घ्यायचा. पहिल्या रविवारी त्याने पाय मागे ओढला. “सोड रं, लोक बगत्यात. पाया पडतोयस व्हय माज्या?” दुसऱ्या रविवारी तो तोंड फिरवून बसला. तिसऱ्याला बूट त्याने स्वतः काढला. “तूच बरा हायस,” म्हणाला. “बायकू ठीक असलं तरी न्हाई म्हनती. आन मी ठीक नसलं तरी ठीकच म्हनीन.”

खरे सांगायचे तर मला याचा कंटाळा येतो. रविवार हा माझा एकच दिवस आहे. एस्टीचा दोन तासांचा प्रवास, आठ किलोमीटर, पुन्हा एस्टी. माझी टाच तशीच आहे, तिला कोणी मांडीवर घेत नाही. सुनंदा विचारते, संपले का शिरवळ, आणि मी म्हणतो, आता कुठे कवठेमहांकाळ ओलांडले.

मागच्या रविवारी सकाळी हवा चांगली होती. थंडी होती, रस्ता मोकळा होता, आणि संपत पूर्वीच्या चालीने चालत होता. द्राक्षबागांत औषध फवारायचे काम चालले होते. तो जास्वंदीच्या कुंपणावरून, द्राक्षांच्या भावावरून, नातवाच्या शाळेवरून काहीबाही बोलत होता. इतक्या खुशीत मी त्याला मागच्या सालच्या दिवाळीपासून बघितले नव्हते. पहिल्या थांब्याला पाय स्वच्छ होता. दुसऱ्या थांब्याला, कडुनिंबाखाली, मोजा काढला, तर जुन्या जखमेच्या जागी लाली होती. रुपयाच्या नाण्याएवढी. दाबून बघितली. लाली गेली नाही. थोडी गरमही लागली.

त्याने माझ्याकडे बघितले. “काय हाय?”

समोर रस्ता सपाट होता आणि पाच किलोमीटर बाकी होते.

“लाल आहे,” मी म्हणालो.

“किती?”

“रुपयाएवढी.”

“फोड?”

“फोड नाही. लाल आहे आणि गरम आहे.”

संपतने पाय माझ्या मांडीवरून काढला नाही. रस्त्याकडे बघत राहिला. दोन ट्रॅक्टर गेले, उसाने भरलेले. नेहमी मी अशा ट्रॉलीचे वजन मनात धरतो. तेव्हा धरले नाही.

मी अमोलला लावायला फोन काढला. संपतने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच लावला.

“हां. मी बोलतोय. आज तीनच झालं. पाय लाल झालाय,” तो म्हणाला. तिकडून अमोल काहीतरी बोलला. “न्हाई, काकानं न्हाई सांगितलं थांबाया. मीच थांबलो.” पुन्हा ऐकले. “व्हय. दावतो उद्या डाक्टरला. तू नकू येऊ, एस्टी हाय.”

फोन परत दिला. मग मोजा उलटा करून झटकला, बुटात हात घालून शेवटपर्यंत चाचपला, आणि बूट पायात न घालता हातात घेऊन बसला.

“एस्टी कवा हाय रं?” त्याने विचारले.

“पाऊण तासानं.”

“बसू मग,” तो म्हणाला, आणि झाडाला टेकला.